राणी माशीचं खाणं आणि आपल्या घरातल्या कॅप्सूल

हल्ली आमच्या सोसायटीत, नात्यात, भिशीच्या ग्रुपवर रॉयल जेलीच्या कॅप्सूल फिरताहेत. रॉयल जेली म्हणजे कामकरी मधमाश्या राणीला आणि अळ्यांना भरवतात तो पांढरट स्राव. थकवा, गुडघेदुखी, पाळी जातानाचे त्रास, नातवाची उंची, सगळ्यावर ही एकच डबी. विकणाऱ्या बहुतेक ओळखीच्याच बायका, त्यामुळे नाही म्हणणं जड जातं. तरीही सांगते: पोषण म्हणून आपल्याला हिची गरज नाही, आणि ज्याला दमा आहे त्याने तर ती तोंडातही घालू नये.

सांगितली जाणारी गोष्ट सगळीकडे सारखीच. राणी माशी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या अंड्यातून जन्मतात. राणीला जन्मभर ही जेली मिळते. ती दिवसाला दीड-दोन हजार अंडी घालते, दोन-तीन वर्षं जगते. कामकरी ऐन हंगामात दीड महिन्यात संपते. हे सगळं खरं आहे. पण राणी घडते ती अळी असताना. पहिले तीन दिवस जवळपास सगळ्याच अळ्यांना जेली मिळते. पुढे कामकरी अळ्यांच्या वाट्याला मध आणि पराग येतात, राणीच्या अळीला मात्र जेलीच, तीही भरपूर. शरीरातली कोणती जनुकं चालू राहणार आणि कोणती गप्प बसणार हे त्याच दिवसांत ठरतं. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अळ्यांमधलं एकच जनुक दाबून पाहिलं, तर खाणं तेच असूनही त्यातल्या बहुतेक राण्या झाल्या. माशीच्या अळीत आधीपासून असलेली ही व्यवस्था साठीच्या बाईच्या शरीरात कुठून येणार? तिच्या पोटात जेलीतली प्रथिनं डाळीतल्या प्रथिनांसारखीच पचून जातात.

आता आकडे बघा. ताज्या जेलीत साठ ते सत्तर टक्के पाणीच असतं. प्रथिनं साधारण बारा टक्के धरली, तर ५०० मिलिग्रॅम जेलीत ६० मिलिग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे शंभरपट! ब गटातली जीवनसत्त्वं आहेत, पण एवढ्याशा मात्रेत ती किती मिळणार? जेलीतलं एक खास मेदाम्ल निसर्गात दुसरीकडे सापडत नाही, हे मान्य. प्रयोगशाळेत त्यावर काम चालू आहे, माणसांवर काही छोट्या चाचण्याही झाल्यात. त्यांच्या जोरावर कुणाला औषध म्हणून विकावं इतका पुरावा जमलेला नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये जेलीच्या आरोग्यविषयक दाव्यांना मान्यता दिली नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी दम्याची वाटते. ऑस्ट्रेलियात रॉयल जेलीच्या पाकिटावर इशारा छापणं बंधनकारक आहे: हिच्यामुळे तीव्र ॲलर्जी होऊ शकते, क्वचित मृत्यूही झाले आहेत, धोका विशेषतः दमा आणि ॲलर्जी असणाऱ्यांना. आमच्याकडे आलेल्या डबीवर असं एक अक्षर नव्हतं. उलट देणारी म्हणाली, दम्यालाही चांगली असते! हे ऐकून मी हादरले. आपल्याकडे घरोघर इनहेलर आहेत. असा इशारा मराठीत, ठळक अक्षरांत, प्रत्येक डबीवर हवा आणि सरकारने तो सक्तीचा करावा.

'आपल्या मधपाळांना तेवढाच हातभार' असंही कुणी म्हणतं. जगातली जेली सर्वाधिक चीनमध्ये तयार होते, मेलिफेरा या परदेशी जातीच्या मधमाश्यांकडून. एक दिवसाचीही नसलेली अळी राणीच्या कृत्रिम घरट्यात ठेवतात, माश्या तिच्यासाठी त्यात जेली भरतात, तिसऱ्या दिवशी अळी काढून टाकतात आणि खालची जेली गोळा करतात. एका घरट्यातून २००-३०० मिलिग्रॅम मिळते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमसाठी दोन राण्या वाढण्याआधीच गेल्या. हातभार लावायचा असेल तर महाबळेश्वर भागातल्या सातेरी या आपल्याच देशी जातीच्या माश्यांचा मध घ्या. तिथलं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालंय. तो पैसा निदान सह्याद्रीतल्या घरांत जाईल.

एक विनंती. घरातलं कुणी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी घेत असेल आणि सोबत जेलीही चालू असेल, तर आजच डॉक्टरांना सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यावर रक्तस्राव झाल्याची नोंद आहे. आणि कॅप्सूल घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा धाप लागली, तर वाट न बघता थेट दवाखाना गाठा. डबीही सोबत न्या, म्हणजे पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळेल.