खुलासा : एरिस परत येत नाही

भावांनो, ‘फायनल फँटसी ७’ या व्हिडिओ गेममध्ये एरिस ही नायकाची साथीदार पहिल्या डिस्कच्या (गेमच्या पहिल्या भागाच्या) शेवटी मारली जाते. ती डिस्क संपायच्या आत तिचा ‘ग्रेट गॉस्पेल’ हा खास डाव मिळवला की ती पुढं जिवंत होते, असा मेसेज कोल्हापुरातल्या गेमिंग ग्रुपांवर फिरतोय. गेल्या आठवड्यात तो मीही पुढं पाठवला. चुकलंच माझं, माफ करा.

१९९७ च्या मूळ गेममध्ये तिला परत आणायचा कुठलाच मार्ग नाही. राजारामपुरीत मित्राच्या घरी ‘ग्रेट गॉस्पेल’ मिळवून पुन्हा खेळून बघितलं. तिला मारणाऱ्या खलनायक सेफिरोथची तलवार आली ती आलीच. मेसेजमधल्या फोटोत ती दुसऱ्या डिस्कवर टीममध्ये दिसते, पण ते चीट कोडनं करता येतं. कथा तिला गेलेलीच धरून चालते.

नंतर गेममधल्या चर्चमध्ये गेलात तर फुटक्या फळ्यांतून उगवलेल्या फुलांजवळ ती क्षणभर दिसते आणि विरून जाते. अफवा बहुधा तिथूनच उठली असावी. एरवी लढाईत पडलेला गडी ‘फीनिक्स डाऊन’ या वस्तूनं उठतो, इथं ते वापरायची संधीच मिळत नाही. एवढ्या वर्षांनीही हा गेम मनातून जात नाही, तो मला वाटतं यामुळंच.

नवी पोरं या आशेवर रात्री जागवतायत. तो मेसेज पुढं पाठवू नका. जिथं पाठवलाय, तिथं हा खुलासा टाका.