अरे, एक साधं पॅडल द्या रे कुणीतरी!

पिकलबॉलचं (तो नेटवरून भोकांचा प्लास्टिकचा चेंडू टोलवायचा खेळ) पॅडल, म्हणजे बॅट हवीय. एक. तर दुकानातला पोरगा विचारतो, "काका, कोअर, म्हणजे आतला गाभा, १४ मिमी जाड की १६?" अरे, मला चेंडू पलीकडे ढकलायचाय, घराला स्लॅब नाही टाकायचा! मग कार्बन फायबर की फायबरग्लास? हँडल लांब की आखूड? विमान विकतोयस का बाबा? चेंडूतही भानगड: मैदानावर ४० भोकांचा, हॉलमध्ये २६ भोकांचा. आता भोकं मोजत बसू? १९६५ साली अमेरिकेत हा खेळ निघाला तेव्हा लोकांनी प्लायवूड कापून पॅडलं केली, आणि खेळले की मजेत! इथे आमच्या सोसायटीतले एक महाशय पंधरा हजारांचं पॅडल मिरवतात. "स्वीट स्पॉट मोठाय हो याचा!" म्हणजे चेंडू छान बसतो ती मधली जागा. असेल. सर्व्हिस मात्र रोज नेटमध्येच.