एलिझाबेथचं दार

ऑगस्ट आला की वसईकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळींत एक वाद हमखास पेटतो. १० ऑगस्ट १९७१ला भारतात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला. २०२१ साली त्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा बिशपांच्या परिषदेने तो दिवस शोकदिन म्हणून पाळायला सांगितलं होतं. पुढच्याच वर्षी, २४ जून २०२२ला, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा रो खटल्याचा जुना निकाल मोडीत काढला आणि आपल्याकडे सूर चढला: त्यांना जमलं, आपल्याला का नाही? कायदा बदला, माणसं आपोआप सुधारतील. त्याला जोडून एक वाक्य ठरलेलं असतं: आयर्लंड बघा, धर्म सोडला म्हणून गर्भपातबंदीचा कायदाही सोडला.

मी डब्लिनमध्ये राहते. हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. गर्भातलं मूल हे मूलच आहे, या श्रद्धेत मी तसूभरही कमी नाही. पण आयर्लंडचा दाखला द्यायचाच तर पुरता द्या.

७ सप्टेंबर १९८३ला इथल्या ६६.९ टक्के मतदारांनी आईचा आणि न जन्मलेल्या बाळाचा जगण्याचा हक्क समान आहे, असं कलम घटनेत घातलं. तेव्हा चर्च दर रविवारी भरत होती. त्या कलमाखाली काय झालं? बायका गर्भपातासाठी बोटीने आणि विमानाने इंग्लंडला जातच राहिल्या. २००१ साली इंग्लंड-वेल्समधल्या दवाखान्यांत आयर्लंडचा पत्ता देऊन गर्भपात करून घेतलेल्या स्त्रिया होत्या ६,६७३. २५ मे २०१८ला ६६.४ टक्क्यांनी ते कलम काढलं, आणि २०१९ या पहिल्या वर्षी आयर्लंडमध्येच झालेले गर्भपात होते ६,६६६. मधल्या काळात गर्भपाताच्या गोळ्या टपालाने येऊ लागल्या होत्या, त्यामुळे इंग्लंडचा आकडा बराच उतरला होता, हेही सांगायला हवं. २०२३ला इथला आकडा १०,०३३ झाला, हे तर मान्य करायलाच हवं. बंदी उठल्यावर संख्या वाढली. पण बंदीच्या पस्तीस वर्षांत मनं बदलली असती, तर ती उठवायला दोन-तृतीयांश देश उभा राहिला नसता. सगळ्या मतदारसंघांत एकट्या डोनेगॉलने नाही म्हटलं.

आणि सविता. बेळगावची एकतीस वर्षांची दंतवैद्य सविता हलप्पनवार. २१ ऑक्टोबर २०१२ला ती आयर्लंडमधल्या गॉलवेच्या इस्पितळात दाखल झाली, सतरावा आठवडा. गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट होतं. मध्यरात्रीनंतर पाणी गेलं. तिने गर्भ मोकळा करायची विनंती केली, पण ठोके चालू होते म्हणून थांबायचं ठरलं. थांबता थांबता जंतुसंसर्ग रक्तात भिनला आणि २८ तारखेला ती गेली. पाणी गेलं म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण फुटलेलं असतं, जंतू वर चढू शकतात. अशा वेळी दिवस नाही, तास मोजायचे असतात. तिथे तास कलमाच्या शब्दांत गेले. हा कॅथलिक देश आहे, असं तिला सांगितल्याचं मृत्यूच्या चौकशीत एका सुईणीने कबूल केलं. माझ्या धर्माचं नाव त्या खोलीत असं घेतलं गेलं. सार्वमताच्या दिवसांत डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातल्या भिंतीवर तिचा चेहरा रंगवला होता आणि त्याभोवती लोकांनी रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. कितीतरी चिठ्ठ्यांवर तिची माफी मागितली होती. धर्म सोडलेली माणसं माफी मागत होती, आणि आपण म्हणतो त्यांनी धर्म सोडला म्हणून कायदा गेला!

आयर्लंडने चर्चकडे पाठ फिरवली ती ट्यूम या गावात जे उघड झालं त्यामुळेही. तिथल्या माता-बालगृहात, धर्मभगिनींच्या देखरेखीखाली, १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुलं दगावली. कॅथरीन कॉर्लेस या स्थानिक अभ्यासक बाईंनी एकेक मृत्यूदाखला मिळवून ही संख्या उघड केली. त्यांतल्या बहुतेकांच्या दफनाची नोंदच नव्हती. गर्भपाताला पाप म्हणणाऱ्या देशाने कुमारी मातेचं जन्मलेलं मूल असं वागवलं. वसईत कोणी हे प्रवचनात सांगतं का?

आपलं उदाहरण घ्या. गर्भलिंगचाचणीवर बंदी आणणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ साली केला. १९९४ला केंद्राचा आला, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवणारा एफ फॉर्म आला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली १९९१ला ९४६, २००१ला ९१३, २०११ला ८९४. बीडमध्ये ८०७. हा कायदा हवाच, मशीन सील व्हायलाच हवं. पण मुलगी नको म्हणणारी सासू फॉर्म भरून बदलत नाही.

शिवाय गर्भपाताच्या ज्या कायद्यावर आपण तावातावाने बोलतो तो वाचलेलाच नसतो. नवऱ्याची सही लागते, हे सर्रास सांगितलं जातं. लागत नाही, सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीस ठरावीक स्त्रियांसाठी दोघांचं, त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. अविवाहितेलाही चोवीसपर्यंतची मुभा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ला स्पष्ट केलं. घाबरलेली पोर मात्र यातलं काहीच न कळल्याने मेडिकलमधून गुपचूप गोळ्या आणते. गर्भ नळीत असेल तर त्या गोळ्यांनी काही होत नाही. नळी फुटू शकते आणि रक्तस्राव पोटात होतो. उद्या बंदी आली तर हीच वाट रुंद होईल.

मूल वाचवायचं असेल तर दुसरी वाट माहीत हवी. बाळ सांभाळता येणार नसेल तर आई ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे कायदेशीर रीतीने सोपवू शकते. आधी समुपदेशन, मग समितीसमोर सोडपत्रावर सही. त्यानंतर दोन महिने तिला मन बदलायला मिळतात. ती परत आली नाही तर बाळ दत्तकासाठी मोकळं होतं. नाव गुप्त राहतं. मार्ग कळत नसेल तर १०९८ हा नंबर आहे. गाडी अडते ती सहीच्या आधी. पाचव्या महिन्यात पोट दिसू लागतं, तेव्हापासून बाळंतपणानंतरच्या सव्वा महिन्यापर्यंत ही मुलगी राहणार कुठे? कॉलेजला काय सांगणार? सोनोग्राफी, रक्ताच्या गोळ्या, सीझर झालं तर त्याचं बिल कोण भरणार? आणि मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ती कुठल्या बाकावर बसणार? लग्नाआधी पोट आलं की पहिली कुजबुज आपल्याच बाकांवरून सुरू होते. गर्भपाताच्या पापाची क्षमा कोणताही धर्मगुरू देऊ शकतो, ही मुभा पोप फ्रान्सिस यांनी २०१६ला कायम केली. पापनिवेदनाचं दार उघडलं. घरांची दारं?

लूकच्या शुभवर्तमानात येशूची आई मरिया दिवस गेल्यावर घाईने डोंगराळ भागात आपल्या नात्यातल्या एलिझाबेथकडे जाते आणि सुमारे तीन महिने राहते. अशा मुलीला दगड मारायचा कायदा तेव्हा होता. एलिझाबेथने तिला घरात घेतलं. आपल्या मातीतही हे घडलेलं आहे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, हवं तर मूल ठेवून जावं. तिथे जन्मलेला यशवंत त्यांनी मुलगा म्हणून वाढवला. पंडिता रमाबाईंनी केडगावला अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उघडलं. कोणी विचारलं नाही की आधी कायदा कडक करूया का.

परदेशात बसून शहाणपण शिकवणं सोपं, असं मला ऐकवलं जातं. बरोबरच आहे. २०१८ला माझ्याकडे इथलं नागरिकत्व नव्हतं, म्हणून मत नव्हतं. असतं तर नाही म्हटलं असतं, आणि सविताचा चेहरा पाहून ते लपवलं असतं. वसईच्या धर्मग्रामातही मी आता फक्त सणाला पैसे पाठवणारी आहे. दोन्हीकडे बोलायचा हक्क थोडा थोडाच.

पण गावात आमचं घर आहे. दोन खोल्या, आत मोरी, विहिरीला बारमाही पाणी, सरकारी दवाखाना रिक्षाने पंधरा मिनिटांवर. बाराही महिने कुलूप असतं. येत्या १० ऑगस्टला प्रवचन झाल्यावर फादरांनी एवढंच जाहीर करावं, की कोणाला चार-पाच महिने राहायला जागा हवी असेल तर आहे, नाव विचारलं जाणार नाही, बाळंतपणाचा खर्च मी पाठवीन. किल्ली शेजारच्या मावशीकडे आहे.