‘पुस्तकी सल्ला’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

सेगमेंट राउटिंगमध्ये पॅकेटची वाट त्यावरच्या लेबलांनी ठरते, आणि राउटर त्यासाठी आकड्यांची जी रेंज राखून ठेवतो ती एसआरजीबी. तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: "सगळ्या राउटरवर एकच लेबल रेंज ठेवा, हा पुस्तकी सल्ला आहे. स्टँडर्डप्रमाणे वेगवेगळ्या रेंज चालतात. एसीत बसून लिहिणाऱ्यांनी लाइव्ह नेटवर्कला कधी हात लावलाय का?" पुढे ८००० लेबलं पुरत नाहीत आणि एसआरव्ही६ (लेबलांऐवजी आयपीव्ही६ पत्ते वापरणारं सेगमेंट राउटिंग) आल्यावर हे सगळं निकालात निघेल, असंही आहे.

आधी माझी चूक. लेखात एका ठिकाणी १६००० ते २४००० असं पडलं होतं. सिस्कोच्या राउटरवरच्या आयओएस एक्सआर या सिस्टीमची डीफॉल्ट रेंज १६००० ते २३९९९ आहे. २४००० पासून डायनॅमिक, म्हणजे राउटर गरजेप्रमाणे स्वतः वाटतो ती लेबलं सुरू होतात. तुम्ही दाखवलंत, मी दुरुस्त केलं. आभार.

आता ‘एसीत बसून’. मी बारा वर्षं नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणाऱ्या कक्षात काढली, त्यातली सात नवी मुंबईत महापेला. रात्रपाळी उरकून घणसोलीहून ठाण्याची पहिली लोकल गाठायची, हा माझा दिनक्रम होता. अशाच एका रात्री पावणेतीनला फोन आला. काही ग्राहकांचे व्हीपीएन बंद, पण स्क्रीनवर सगळं हिरवं. आयएस-आयएसचे (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) शेजारी अप, लिंक स्वच्छ, लूपबॅक (राउटरचा स्वतःचा पत्ता) रूटिंग टेबलमध्ये दिसतोय. दोन तास आम्ही भलतीकडेच शोधत होतो. शेवटी सापडलं: रिंगमधल्या एका बॉक्सवर कुणीतरी रेंज १६००० ते १६९९९ एवढीच ठेवली होती. नव्या राउटरचे इंडेक्स (प्रत्येक राउटरला दिलेला क्रमांक) हजाराच्या वर गेले आणि त्यांच्यासाठी त्या बॉक्सकडे लेबलच उरलं नाही. त्या रात्री शिव्या मी खाल्ल्या, साहेब. पुस्तकाने नाही.

वेगवेगळ्या रेंज चालतात, हे मला माहीत आहे. सेगमेंट राउटिंगच्या स्टँडर्डमध्ये, २०१८ च्या आरएफसी ८४०२ मध्ये ते आहे, आणि ‘चालत नाही’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेबल म्हणजे बेस (रेंजचा पहिला आकडा) अधिक इंडेक्स, एवढाच हिशोब. पण इंडेक्स ४५ सिस्कोवर १६०४५ होतो आणि अरिस्टा या दुसऱ्या कंपनीच्या डीफॉल्टवर ९०००४५. रेंज एकच असेल तर ट्रेसराउटमध्ये (पॅकेटची वाट दाखवणाऱ्या चाचणीत) वाटेतल्या प्रत्येक हॉपला, म्हणजे टप्प्याला, १६०४५ दिसतं आणि पेंगुळलेल्या माणसालाही पॅकेट कुठे निघालंय ते कळतं. स्टॅकमध्ये, म्हणजे पॅकेटवर एकावर एक, दोन-तीन लेबलं आली की पुढचं लेबल ते उघडणाऱ्या राउटरच्या रेंजमधून काढावं लागतं. एनीकास्ट एसआयडी (एकाहून जास्त राउटरांना मिळून दिलेला एकच इंडेक्स) असेल तर पॅकेट दोनपैकी कुठल्या राउटरवर उतरेल हेच आधी ठरलेलं नसतं. तिथे दोघांचे बेस वेगळे ठेवून दाखवा आणि मग मला पुस्तकी म्हणा.

८००० कमी पडत असतील तर रेंज वाढवा, फक्त सगळीकडे वाढवा. एसआरव्ही६ हा या लेखाचा विषय नव्हता.

मुद्दा खोडायला तुम्हाला पूर्ण मुभा आहे. पण ‘कधी हात लावलाय का’ हा मुद्दा नाही, हे हिणवणं आहे, तेही नाव न सांगता. तुमच्याकडे वेगवेगळ्या रेंजवर नेटवर्क नीट चालत असेल तर पत्ते झाकून एक ट्रेसराउट पाठवा. तो जसाच्या तसा लेखात टाकेन.