लुटीचं तत्त्वज्ञान अॅडम स्मिथच्या माथी?

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय: ‘लोभ चांगला, सरकार नकोच, असं सांगणाऱ्या अॅडम स्मिथनेच ईस्ट इंडिया कंपनीच्या लुटीला तत्त्वज्ञान पुरवलं. मुक्त व्यापाराचा हा पुरस्कर्ता स्वतः मात्र जकात खात्याचा पगार घेत होता.’

स्मिथ म्हणजे अठराव्या शतकातला स्कॉटिश अर्थतज्ज्ञ, ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथाचा लेखक. त्याच्या लोभाचं आधी. खाटीक आपल्याला मांस देतो ते स्वतःच्या हितासाठी, एवढंच तो म्हणाला. उलट एका धंद्यातले लोक मौजेसाठी जमले तरी बोलणं शेवटी भाव चढवण्याच्या कटावर येतं, हेही त्यानेच लिहिलं. व्यापाऱ्यांचा भाट असं लिहीत नाही.

‘सरकार नकोच’ ही तर थापच. संरक्षण, न्याय, रस्ते-पूल, गरिबांच्या मुलांच्या शाळा ही कामं त्याने सरकारकडेच दिली. व्याजावरच्या कायदेशीर मर्यादेलाही त्याचा पाठिंबा होता. त्यावरून जेरेमी बेंथम या इंग्रज तत्त्वज्ञाने त्याला धारेवर धरलं.

नोकरीचं खरं आहे. १७७८ मध्ये तो एडिंबरामध्ये जकात (म्हणजे परदेशी मालावरचा कर) आयुक्त झाला. बंदी असलेल्या मालाची यादी वाचली, तर अंगावरचे गळपट्टे, हातरुमालसुद्धा तीत निघाले! सगळे जाळून टाकले, असं त्याने १७८० च्या एका पत्रात कळवलं आणि वर मित्राला बजावलं की बायकोचे कपडे तपासायच्या फंदात पडू नकोस. त्याच पत्रात, बंदी उठवा आणि बेताची जकात लावा, असा सल्ला आहे. त्याचा विरोध बंदीला आणि भरमसाट करांना होता, जकात या प्रकाराला नव्हे.

राहिली कंपनी. मक्तेदार व्यापाऱ्यांचं राज्य हे कुठल्याही देशासाठी बहुधा सर्वांत वाईट राज्य, असं त्याने १७७६ मध्येच ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये लिहिलं. बंगालमध्ये पावसाने ओढ दिली, पण त्या टंचाईचा दुष्काळ होण्यात कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या निर्बंधांचाही हात असावा, असं त्याचं मत. तो लिहितो, कंपनीच्या वखारीचा प्रमुख अफूचं उभं शेत नांगरायला लावून तिथे भात पेरायला सांगे. कारण टंचाईचं द्यायचं. खरं कारण म्हणजे स्वतःकडची अफू चढ्या भावाने विकायची. कधी हुकूम नेमका उलटा निघे. ग्रंथाच्या १७८४ च्या आवृत्तीत त्याने कंपनीवर आणखी मजकूर घातला, तोही टीकेचाच.

आरोप करायचाच तर वेगळा करा. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये हे त्याचं मत पुढे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी दुष्काळात हात वर करायला वापरलं. त्यावर वाद घालायला मी तयार आहे.