जखम बघायची तर उभ्या कुत्र्याची बघा

माझ्या कुत्रीच्या, चिंगीच्या, पुढच्या उजव्या पंजाला काच लागली त्याला आता दोन महिने होतील. त्यानंतर ओळखीतल्या तिघांनी मला वेगवेगळ्या वेळी एकच प्रश्न विचारला, "कुत्र्याचा पंजा कापलाय, घरीच बघू की डॉक्टरकडे नेऊ?" तिघांनाही फोनवर जे सांगितलं तेच आज सविस्तर लिहिते आहे. मी पशुवैद्य नाही. पण या एका बाबतीत माझं मत पक्कं झालं आहे आणि त्याची किंमत चिंगीने मोजली आहे.

झालं असं की फिरताना गवतात ती एकदम थबकली आणि पंजा वर धरून उभी राहिली. घरी येईपर्यंत पायऱ्यांवर रक्ताचे ठसे. मी जाड स्वच्छ कापड दाबून धरलं, दहा मिनिटांत रक्त थांबलं. मग तिला आडवं झोपवून पाहिलं तर पंजाच्या तळव्यावरच्या गादीवर फक्त एक बारीक रेघ. मला हायसं वाटलं. जखम धुतली, वर गॉज ठेवला, पट्टी गुंडाळली. तिसऱ्या दिवशी पट्टीला वास यायला लागला आणि ती पाय टेकवेना.

डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि दोन अंगठ्यांनी ती गादी हलकेच दोन्ही बाजूंना ताणली. माझी बारीक रेघ उघडली. आत पू होता आणि काचेचा एक कण. ते म्हणाले, "तुम्ही झोपलेल्या कुत्र्याची जखम बघितलीत. ती उभी राहते तेव्हा ही जखम अशी उघडते. प्रत्येक पावलाला."

माझं सगळं म्हणणं या वाक्यात आहे. आपण निर्णय रक्तावर घेतो. खूप रक्त आलं की घाबरतो, थांबलं की निर्धास्त होतो. दोन्ही चूक. पंजाच्या गादीत रक्तवाहिन्या दाट असतात, त्यामुळे उथळ कापल्यावरही भरपूर रक्त येऊ शकतं, आणि दाबून धरल्यावर खोल जखमेचं रक्तही थांबू शकतं. वरची कातडी जाड आणि राठ, तिच्या खाली चरबीचा मऊ थर, आणि या सगळ्यावर शरीराचं वजन. कुत्र्याच्या वजनाचा साधारण साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. पाय टेकला की गादी पसरते आणि तिच्याबरोबर जखमेच्या कडा लांब जातात. पोटावरची किंवा पाठीवरची तेवढीच जखम शांतपणे भरत असते, पंजाची मात्र दिवसातून शेकडो वेळा फाकते. गादीला घातलेले टाकेसुद्धा याच कारणाने तुटतात, म्हणून डॉक्टर ते इतर ठिकाणच्या टाक्यांपेक्षा जास्त दिवस ठेवतात आणि वर जाड गादीदार बँडेज बांधतात.

तेव्हा रक्त थांबल्यावर, चांगल्या उजेडात, गादी अगदी हलक्या हाताने ताणून बघा. (पुन्हा रक्त सुरू झालं तर लगेच सोडा आणि दाबून धरा.) कडा एकमेकींना चिकटून राहत असतील, फक्त वरचा थर खरवडला असेल, तर घरी सांभाळता येतं. जखम तोंडासारखी उघडत असेल, आत गुलाबी किंवा पिवळसर मऊ भाग दिसत असेल, गादीचा तुकडा लोंबत असेल, बोटांच्या मधली पातळ कातडी फाटली असेल किंवा आत काही रुतलेलं असेल, तर डॉक्टर. दहा-पंधरा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल किंवा ते उसळून येत असेल तर अर्थातच लगेच, आणि वाटेतही दाब सोडायचा नाही. अजून एक खूण बहुतेकांना ठाऊक नसते. कुत्रं उभं असताना एखाद्या बोटाचं नख जमिनीकडे न वळता वर उचललेलं दिसलं, तर त्या बोटाचा स्नायुबंध (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेला असू शकतो. ते घरी कधीच जुळत नाही.

"रात्र जाऊ दे, सकाळी बघू" हे मला आता अजिबात पटत नाही. ताजी जखम पहिल्या सहा-आठ तासांत शिवली तर ती चांगली जुळण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की जंतू आत मुरतात, आणि मग कित्येकदा जखम न शिवता उघडीच ठेवून हळूहळू भरू द्यावी लागते. चिंगीच्या बाबतीत तेच करावं लागलं. पहिल्याच संध्याकाळी नेलं असतं तर हे टळलं असतं, असं मला मनापासून वाटतं. निघण्यापूर्वी फोन करून खायला द्यायचं का तेवढं विचारा, कारण जखम नीट साफ करायला गुंगीचं औषध किंवा भूल लागू शकते.

म्हणजे घरी काहीच करू नका असं नाही. उलट पहिली दहा मिनिटं आपलीच असतात. तुमचं कुत्रं कितीही गरीब असो, दुखऱ्या पायाला हात लावण्याआधी त्याचं तोंड मऊ पट्टीने बांधा. मात्र चपट्या नाकाचं कुत्रं असेल, धापा टाकत असेल किंवा उलटी होत असेल तर बांधू नका. कापड दाबून धरलं की दर मिनिटाला उचलून बघायचा मोह टाळा, प्रत्येक वेळी नुकती धरलेली गुठळी निघते. मग कोमट पाण्याने भरपूर धुवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घातलं की सलाइनइतकं खारट पाणी तयार होतं. वर दिसणारा काचेचा कण चिमट्याने काढा, खोल रुतलेला ओढू नका. पोव्हिडोन-आयोडीन हे जंतुनाशक वापरायचं तर फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट नकोच. फेस आला की जखम साफ होते आहे असं वाटतं, पण त्यात भरून येणाऱ्या नव्या पेशीही जळतात.

पट्टीबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण माझी दुसरी चूक तिथेच झाली. मी पट्टी घट्ट बांधली होती, आणि बाहेरून येताना ती ओली झाली तरी तशीच ठेवली. ओली पट्टी उघड्या जखमेपेक्षा वाईट. आत उबदार, दमट जागा मिळते आणि जंतूंना आणखी काय हवं असतं? आधी जखमेवर न चिकटणारं ड्रेसिंग (कापूस थेट ठेवला तर तंतू आत अडकतात), बोटांच्या मधे कापसाचे छोटे बोळे, म्हणजे घामाने कातडी सोलपटत नाही. हो, कुत्र्यांच्या पंजाच्या गादीत घामाच्या ग्रंथी असतात. मग कापसाचा जाड थर, त्यावर गॉजची पट्टी, शेवटी स्वतःलाच चिकटणारी पट्टी, आणि तीही न ताणता. मधल्या दोन बोटांची टोकं बाहेर ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा बघा. ती सुजली, गार पडली किंवा दोन नखं एकमेकींपासून फाकलेली दिसली, तर पट्टी लगेच सोडा. बाहेर नेताना वरून प्लॅस्टिकची पिशवी चालेल, पण घरात आल्या आल्या ती काढायची.

"चाटू दे, चाटून बरी होते" असं मलाही अनेकांनी सांगितलं. प्रेमाने सांगितलं, पण मी ते मानत नाही. कुत्र्याच्या तोंडात जंतू असतात, शिवाय खरखरीत जीभ नवी कातडी पुन्हा पुन्हा सोलते. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेला शंकू बघून जीव तुटतो हे खरं. चिंगी पहिला दिवसभर भिंतीला धडकत होती. तरी तो काढू नका.

आणि कृपा करून माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्यांच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृत आणि रक्त दोन्हींवर घाला येतो. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिकही नको. झिंक असलेली मलमं चाटून पोटात गेली की विषारी ठरतात.

डॉक्टरांकडूनही माझी एक अपेक्षा आहे. त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या एका दवाखान्यात चिंगीच्या नखाला पट्टी बांधून दिली, पण ती कधी बदलायची, कोणत्या खुणा दिसल्या तर सोडायची, हे कोणी सांगितलं नाही. दोन मिनिटांचं काम आहे ते. घरी नेणारा माणूस पुढचे दोन आठवडे परिचारक असतो, त्याला ते शिकवायला हवं. तुम्हाला सांगितलं नाही तर विचारा, आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः बांधून दाखवा. या वेळच्या डॉक्टरांनी माझ्याकडून तीनदा बांधून घेतली.

चिंगीची जखम भरायला चोवीस दिवस लागले. नवी कातडी आधी गुलाबी आणि नाजूक होती, म्हणून आणखी आठवडाभर तिला फक्त मऊ जमिनीवर नेलं. आता तिथे एक राखाडी वळ उरला आहे. रोज फिरून आल्यावर मी चारही पंजे बोटं फाकवून बघते. आधी ती पाय ओढून घ्यायची, आता दारात बसते आणि उजवा पंजा स्वतःच पुढे करते.