चार लाडू कामी आले

परवा 14 जानेवारीला ऐतिहासिक युद्धपट बघायला गेलो आणि दारातच माझी रसद तोडली गेली.

डब्यात हिने दिलेले तिळगुळाचे अकरा लाडू. दारावरच्या पोराने झाकण उघडून वास घेतला.

"काका, बाहेरचं चालत नाही."

"अरे, बाहेरचं कुठे? घरचे आहेत."

"घरचं म्हणजे बाहेरचंच."

"मग आतलं कुठलं?"

"आतलं आत मिळतं."

या वेदान्तापुढे काय बोलणार! तरी म्हटलं, "सणाचा दिवस आहे, जरा गोड बोल."

"गोडच बोलतोय ना! नाहीतर कचऱ्याचा डबा तिकडे आहे."

रांगेतून कोणीतरी ओरडलं, "ओ, आवरा तुमचं पानिपत!" लाडू टेबलाखाली गेले. माझ्या हाती बिल्ला, नंबर 17.

आत एकटा सरदार चाळीस गनीम लोळवत होता. अंगरख्याला इस्त्री, दाढी कोरलेली. तीन तासांत कोणी भाकरी खाल्ली नाही, घोडा पाणी प्यायला नाही. दारूगोळा मात्र अक्षय्य. अहो, 1761 साली याच तारखेला पानिपतावर भूकच तर मुख्य भूमिकेत होती! अब्दालीने बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट अडवली. रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले आदल्या डिसेंबरातच मारले गेले. बायकापोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे, सगळी छावणी उपाशी. भाऊसाहेब शेवटी लढायला बाहेर पडले ते उपासमारीने दुसरी वाटच ठेवली नाही म्हणून. पण दाण्यावाचून कोसळणारं जनावर पडद्यावर दाखवलं तर मध्यंतरात पॉपकॉर्न कोण घेणार? तेही 480 रुपयांना! पेंढाऱ्यांना लुटायला निदान घोड्यावर बसून तरी यावं लागे.

शेजारचे गृहस्थ तोंडात नाचोज कोंबून "हर हर महादेव" गर्जत होते. त्यातलं थोडं चीज माझ्या बाहीवर आलं. पुसायला कागद मागितला तर म्हणाले, "शूऽऽ, लढाई चालू आहे."

सुटल्यावर डबा घेतला. हलका लागला. तिथेच मोजले. सात. चार लाडू कामी आले होते.

"अरे, हे काय?"

"सकाळी नऊपासून उभाय काका. जेवायला सोडलंच नाही कोणी." वर म्हणतो, "पाक जरा कडक झालाय."

आता याच्यावर ओरडायचं तरी कसं? पण अकरा होते हो.